दया नको, दाम द्या

समाजांत ज्या वर्गाची सर्वांना दया येते, त्या वर्गाची स्थिति सहसा सुधारत नाहीं, असा एक चमत्कारिक नियम दिसतो. ज्याचा राग येतो त्याच्याशीं आपण भांडतों, ज्याची भीति वाटते त्याच्याशीं तडजोड करतों. परंतु ज्याची दया येते त्याच्या हातावर कांहीं तरी ठेवून मोकळे होतों. देणें झालें, कीं आपल्यापुरता हिशेब मिटला. घेणाराचें पुढें काय झालें हें पाहण्याची जबाबदारी दयाळू माणूस आपल्यावर घेत नाहीं. ती न्यायी माणसाला घ्यावी लागते. प्रौढ स्वमग्न माणसांच्या बाबतींत आमच्या सुशिक्षित समाजानें आजवर जें वर्तन ठेविलें आहे तें दयाळू माणसाचें आहे, न्यायी माणसाचें नाहीं. तें बदललें पाहिजे, असें या लेखांत आम्हांस प्रतिपादन करावयाचें आहे.

'प्रौढ' हें विशेषण येथें मुद्दाम योजिलें आहे. स्वमग्न मूल ही गोष्ट आतां वाचकांच्या परिचयाची झाली आहे. दरवर्षीं २ एप्रिलला जागतिक स्वमग्नता दिन येतो, वर्तमानपत्रांत लेख येतात, बालरोगतज्ज्ञांचीं व्याख्यानें होतात. हें सर्व चांगलेंच आहे. परंतु या लेखांतला आणि व्याख्यानांतला स्वमग्न माणूस नेहमीं सहा-सात वर्षांचाच कां असतो? मूल वाढतें. त्याला मिसरूड फुटतें, त्याचा आवाज घोगरा होतो, आईच्या कमरेशीं असलेलें डोकें तिच्या डोक्याहून वर जातें. दिव्यांगांच्या हक्कांविषयींच्या २०१६ च्या कायद्यानें सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. अठरावा वाढदिवस झाला, कीं त्या हक्काची मुदत संपते. शेजारचा मुलगा महाविद्यालयांत जातो. हा घरांतल्या खोलींत जातो. पुढें चाळीस-पन्नास वर्षांचें आयुष्य उरलेलें असतें, आणि त्या आयुष्याची तरतूद म्हणून बहुतेक घरांत दोनच गोष्टी असतात: एक दूरचित्रवाणी आणि दुसरी आई.

प्रथम नांवाविषयीं थोडें बोललें पाहिजे. 'ऑटिझम' हा शब्द ब्लॉयलर या स्विस मानसवैद्यानें १९११ च्या सुमारास निराळ्या अर्थानें प्रचारांत आणला. पुढें १९४३ सालीं बाल्टिमोर येथील लिओ कॅनर या डॉक्टरानें अकरा मुलांचीं टिपणें प्रसिद्ध करून ही एक स्वतंत्र अवस्था आहे असें दाखविलें; पुढच्याच वर्षीं व्हिएन्ना येथें हान्स अॅस्पर्गर यानें तशाच मुलांचें वर्णन केलें. मराठींत आपण 'स्वमग्नता' हा शब्द रूढ केला. शब्द गोड आहे, आणि म्हणूनच फसवा आहे. तो ऐकला म्हणजे समाधि लावून बसलेला, जगाची पर्वा नसलेला योगी डोळ्यांपुढें उभा राहतो. वस्तुस्थिति पुष्कळदां याच्या उलट असते. या माणसांपैकीं अनेकांना जग कमी नव्हे, जास्तच जाणवतें. मिक्सरचा आवाज, दिव्याची थरथर, गर्दींतला अवचित धक्का, यांनीं आपण क्षणभर त्रासतों. त्यांना तें असह्य होतें. समोरच्याच्या चेहऱ्यावरचा भाव, बोलण्यांतली खोंच, 'बघूं या' म्हणजे 'नाहीं' हा आपला व्यवहारी अर्थ, त्यांना आपोआप कळत नाहीं. ठरलेली गोष्ट ठरल्याप्रमाणें झाली म्हणजे त्यांना आधार वाटतो. न झाली म्हणजे पायांखालची जमीन सरकते. कांहींना बोलतां येत नाहीं, कांहीं पदवीधर होतात. कांहींच्या ठिकाणीं बुद्धीचें मांद्य असतें, कांहींच्या ठिकाणीं नसतें. हा औषधानें बरा होणारा आजार नव्हे. ही मनाची जन्मापासूनची ठेवण आहे, आणि ती जन्मभर राहते.

आईच्या थंडपणामुळें मूल असें होतें, असें पाश्चात्त्य पंडित एके काळीं सांगत असत. स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप असलेल्या बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानें १९६४ सालीं ग्रंथ लिहून त्या मताचें खंडन केलें. आमच्याकडे तें मत अद्याप निराळ्या वेषांत वावरतें. आई नोकरी करत होती, आईनें गरोदरपणीं ग्रहण पाहिलें, आईनें हातांत मोबाइल दिला. प्रत्येक वेळीं कर्त्याच्या जागीं आईच.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. कॅनरच्या त्या अकरा मुलांतील पहिल्या मुलाची हकीकत आमच्या वाचकांनीं लक्षपूर्वक ऐकावी. कॅनरनें त्याचें नांव 'डोनाल्ड टी.' असें दिलें होतें. पुढें जगाला तो डोनाल्ड ट्रिपलेट या पूर्ण नांवानें माहीत झाला. १९३३ सालीं मिसिसिपी राज्यांतील फॉरेस्ट नांवाच्या लहानशा गांवीं त्याचा जन्म झाला. लहानपणीं कांहीं काळ त्याला संस्थेंत ठेविलें होतें. आईबापांनीं परत आणिलें. तो शिकला, १९५८ सालीं पदवीधर झाला, आणि गांवच्या बँकेंत नोकरीस लागला. तेथें त्यानें अनेक दशकें काम केलें. तो मोटार चालवी, गोल्फ खेळे, एकटाच देशोदेशीं प्रवास करून येई. २०२३ सालीं एकुणनव्वदाव्या वर्षीं तो वारला. आणि लक्षांत घ्या, तो अखेरपर्यंत स्वमग्नच होता. त्याची ठेवण बदलली नाहीं. फॉरेस्ट गांवानें त्याच्यासाठीं जागा ठेविली, एवढेंच झालें. परंतु एवढ्यानेंच सर्व झालें.

यावर चतुर वाचक म्हणेल, कीं त्या बँकेंत त्याच्या घराण्याचा हात होता. घरचीच बँक असल्यावर नोकरी कोणालाही मिळते. आक्षेप खरा आहे, आणि आमच्या म्हणण्याला तो बळकटीच आणतो. तेथें एका सधन कुटुंबानें जें आपल्या मुलासाठीं केलें, तें ज्यांच्या घरीं बँक नाहीं अशांसाठीं कोणी करावयाचें? सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास फार लांब जावें लागत नाहीं. सहकारी साखर कारखाने, सहकारी बँका, पतपेढ्या, दूधसंघ, ग्राहक भांडारें, यांचें एवढें दाट जाळें देशांत थोड्याच ठिकाणीं असेल. एकट्याला जें जमत नाहीं तें सर्वांनीं मिळून करावें, हेंच सहकाराचें तत्त्व ना? मग सभासदाच्या उसाला भाव देणारी संस्था सभासदाच्या स्वमग्न मुलाला एक खुर्ची कां देऊं शकत नाहीं? वार्षिक सभेच्या अहवालांत सामाजिक बांधिलकीचें एक पान असतेंच. त्या पानावर रक्तदानाचें छायाचित्र असतें, वृक्षारोपणाचें असतें. पगारपत्रकावरची एक ओळ त्या दोन्ही छायाचित्रांहून मोलाची आहे.

येथें आमच्या दयाळू मित्रांची हरकत येते. ते म्हणतात, "या मुलांसाठीं कार्यशाळा आहेत कीं! तीं पणत्या रंगवितात, मेणबत्त्या करतात, कागदी पिशव्या चिकटवितात. दिवाळींत आम्ही त्या आवर्जून घेतों." घेतां, हें मान्य. या कार्यशाळा चालविणाऱ्या शिक्षिकांविषयीं आम्हांस आदर आहे. मुंबईच्या जय वकील शाळेनें १९४४ सालीं सुरू केलेल्या कार्यापासून आजवर महाराष्ट्रांत जें कांहीं झालें, तें बहुतांशीं आईबापांच्या व शिक्षकांच्या हाडांवर उभें राहिलें आहे. समाजाच्या पाठबळावर नव्हे. परंतु प्रश्न असा, कीं ती पणती आपण कां घेतों? पणती चांगली आहे म्हणून, कीं ती करणारा केविलवाणा आहे म्हणून? दुसरें कारण खरें असेल, तर आपण पणती विकत घेतली नाहीं, स्वतःचें समाधान विकत घेतलें. कार्तिक उजाडल्यावर त्या मुलाचें काय होतें, हें कोणी विचारीत नाहीं. जी वस्तु बाजाराला नको आहे ती आयुष्यभर करीत राहणें, याला शिक्षण म्हणतां येणार नाहीं आणि धंदाही म्हणतां येणार नाहीं. दिवस भरण्याचा तो एक सभ्य मार्ग आहे.

या रीतीच्या मुळाशीं एक चुकीचा क्रम आहे. प्रथम तयारी, मग नोकरी, असा तो क्रम. सामान्य विद्यार्थ्याच्या बाबतींत तो चालतो, कारण एका ठिकाणीं शिकलेलें तो दुसऱ्या ठिकाणीं सहज लावतो. स्वमग्न माणसाची अडचण नेमकी येथेंच असते. शाळेच्या खोलींत पिशव्या मोजण्यास शिकलेला तरुण दुकानांत पेट्या मोजतांना गोंधळतो. जागा बदलली म्हणजे त्याच्या लेखीं कामही बदललें. त्यामुळें तयारी कधींच पुरी होत नाहीं, आणि 'अद्याप तयार नाहीं' या शेऱ्याखालीं वीस वर्षें निघून जातात. क्रम उलटा केला पाहिजे. प्रथम खऱ्या कामाच्या जागीं न्यावें, आणि शिकवावयाचें तें तेथेंच शिकवावें.

हें आमचें कल्पनेचें खूळ नव्हे. १९९६ सालीं अमेरिकेंतील सिनसिनाटी शहरीं मुलांच्या एका रुग्णालयांत, तातडीच्या विभागांत सामान भरण्याच्या कामीं माणसें टिकत नाहींत म्हणून तेथील एका परिचारिकेनें मानसिक वाढ निराळी असलेल्या तरुणांना तें काम शिकवून पाहिलें. त्यांतून वर्षभर रुग्णालयांतच उमेदवारी करावयाची अशी एक पद्धति निघाली आणि ती देशोदेशीं गेली. व्हर्जिनियांत हीच पद्धति स्वमग्न तरुणांसाठीं थोडी बदलून लावण्यांत आली. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या परीक्षणांत असें दिसलें, कीं रुग्णालयांत उमेदवारी केलेल्या २४ जणांपैकीं २१ जणांना नोकरी मिळाली. नेहमींच्या पद्धतीनें शिकलेल्या १६ जणांपैकीं फक्त एकाला. संख्या लहान आहे, हें आम्ही जाणतों. परंतु एकवीस आणि एक यांतला फरक डोळ्यांआड करण्याइतका लहान नाहीं. आणि हें वाचतांना सांगली जिल्ह्यांतल्या माणसाला मिरजेची आठवण होऊं नये हें शक्य नाहीं. १८९४ सालीं डॉ. वानलेस यांनीं तेथें मिशनचें रुग्णालय उघडलें, तेव्हांपासून मिरज हें रुग्णालयांचें गांव झालें. निर्जंतुक केलेलीं हत्यारें ठरलेल्या क्रमानें तबकांत मांडणें, औषधांच्या मुदती तपासणें, चादरी मोजणें, जुने केसपेपर लावणें, अशीं कामें तेथें रोज निघतात. एक हत्यार इकडचें तिकडे झालेलें ज्याला सहनच होत नाहीं, असा माणूस या कामीं अडचण कसा ठरेल? ज्या गुणाला घरांत आपण हट्ट म्हणतों, त्यालाच शस्त्रक्रियागृहांत शिस्त म्हणतात.

मिरजेचें नांव निघालें, कीं दुसऱ्या टोकाचे एक गृहस्थ पुढें येतात. हे दया करीत नाहींत, हे भक्ति करतात. "या मुलांना उपजतच स्वरज्ञान असतें म्हणे! तंबोऱ्याच्या कारखान्यांत बसवा. एखादें गणितांत विलक्षण असतें म्हणे!" १९८८ सालच्या 'रेन मॅन' या चित्रपटापासून प्रत्येक स्वमग्न माणसाच्या आंत एक चमत्कार दडलेला असतो, अशी समजूत पसरली आहे. ही समजूत दयेहून कमी घातक नाहीं. असाधारण स्मृति किंवा स्वरज्ञान त्यांच्यांतील थोड्यांना असतें. बाकीचे तुमच्याआमच्यासारखेच सामान्य असतात. २०१३ च्या सुमारास एका मोठ्या जर्मन कंपनीनें बंगळूर येथें संगणकाच्या प्रणाली तपासण्याच्या कामावर स्वमग्न तरुणांची नेमणूक केली, ही गोष्ट स्तुत्य आहे. परंतु कऱ्हाडच्या किंवा तासगांवच्या ज्या तरुणाला संगणकांत गति नाहीं, त्यानें काय करावें? आपल्या पदवीधर मुलाला नोकरी मागतांना तो असामान्य आहे हें आपण सिद्ध करीत नाहीं. तो काम नीट करील, एवढेंच सांगतों. मग स्वमग्नाकडूनच चमत्काराची अपेक्षा कां? सामान्य असण्याचा हक्क त्यालाही आहे.

सर्वांत जोराचा आक्षेप अर्थातच निराळा आहे. "धडधाकट पदवीधर रिकामे हिंडत आहेत, त्यांना काम नाहीं, आणि तुम्ही यांना काम मागतां?" आक्षेपाचा सूर व्यवहारी वाटतो, परंतु त्याच्या पोटांत एक अव्यवहार आहे. रिकामा पदवीधर ज्या जागांकडे डोळे लावून बसतो, त्या आणि या जागा बहुधा निराळ्या असतात. एकसुरी काम त्याला नको असतें, मिळालें तर तो सहा महिन्यांत सोडतो. शिवाय स्वमग्न तरुण घरीं बसतो तेव्हां एकटा बसत नाहीं. त्याच्याबरोबर त्याची आई बसते, पुष्कळदां शिकलेली, नोकरी सोडलेली. एकाला काम मिळालें तर दोन माणसें कामाला लागतात. एक गोष्ट मात्र आम्ही स्पष्ट करूं इच्छितों. तासगांवकडे बेदाण्याची निवड बव्हंशीं शेतमजूर स्त्रिया करतात. त्यांना काढून त्यांच्या जागीं कमी मजुरीवर ही मुलें बसवावीं, असें कोणी सुचविल्यास तो परोपकार नव्हे, लबाडी होय. वेतन कायद्यानें ठरेल तेंच असलें पाहिजे. स्वमग्न माणूस स्वस्त पडतो म्हणून त्याला घेऊं नये. तो तें काम करूं शकतो म्हणून घ्यावा.

आम्ही कांहीं परदेशी कलम येथें आणून लावा म्हणत आहों, असें कोणी समजूं नये. हें तत्त्व या मातींत पूर्वींच रुजलेलें आहे. १९४९ पर्यंत सातारा व सांगलीचा बराचसा मुलूख एकाच जिल्ह्याखालीं आणि त्याला लागलेल्या संस्थानांत होता. त्या मुलखांत कऱ्हाड तालुक्यांतील काले या गांवीं १९१९ सालीं कर्मवीर भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ सालीं ती साताऱ्यास आणली. खेड्यांतल्या बहुजनांच्या मुलांना शिकून काय करावयाचें आहे, असें त्या वेळीं म्हणणारे आमच्याच वर्गांतले विद्वान होते. भाऊरावांनीं त्यांच्याशीं वाद घातला नाहीं. मुलांच्या हातीं कुदळ आणि पुस्तक एकदमच दिलें. 'कमवा आणि शिका' या योजनेंत भिक्षेला जागा नव्हती. कुंडलच्या माळावर, तेव्हांच्या औंध संस्थानांत, १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कारखाना काढला. तेथें शाळेंत नापास झालेले, इतरत्र न खपलेले लोक त्यांनीं जबाबदारीच्या जागांवर बसविले, आणि पूर्वीं दरोडेखोर म्हणून गाजलेल्या दोघांच्या हातीं राखणदारी दिली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथें औंधच्या राजानें कैद्यांना भिंतीवांचून ठेवून त्यांच्याकडून शेती करविली. 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ सालचा चित्रपट त्यावरूनच सुचला. ज्या भूमीनें दरोडेखोराच्या हातीं किल्ल्या दिल्या आणि खुन्याच्या हातीं नांगर दिला, त्या भूमींत ज्यानें आयुष्यांत कोणाचा केंसही वांकडा केला नाहीं आणि ज्याला पुष्कळदां खोटेंही बोलतां येत नाहीं, अशा तरुणाला मात्र कडी लावून घरांत ठेवतात. यास काय म्हणावें?

कायदा काय करतो, असें कोणी विचारील. कायदा बराच पुढें आला आहे. माणसेंच मागें राहिलीं आहेत. १९९५ च्या अपंगांविषयींच्या कायद्यांत सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हतीच. १९९९ सालीं राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला, तेव्हां तिला प्रथम कायद्यांत नांव मिळालें. २०१६ च्या कायद्यानें एकवीस प्रकार मानले, शासकीय नोकऱ्यांत चार टक्के जागा राखल्या, आणि त्यांपैकीं एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांना मिळून दिला. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत पांच टक्के जागा ठेविल्या. २०२२ सालीं महाराष्ट्रानें स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. ग्रामपंचायतींपासून महानगरपालिकांपर्यंत सर्व स्थानिक संस्थांनीं स्वतःच्या उत्पन्नाचे पांच टक्के दिव्यांगांसाठीं खर्च करावे, असा शासनाचा आदेश आहे. आणि एवढें असून २०११ च्या जनगणनेंत, जिनें देशांत २ कोटी ६८ लक्ष दिव्यांग मोजले, स्वमग्नांसाठीं रकानाच नव्हता. ज्याची मोजदादच नाहीं त्याच्यासाठीं योजना आंखणार कशी? पांच टक्क्यांचा निधि मग कसा जातो? वर्षअखेर जवळ आली म्हणजे मंडप पडतो, पाहुणे येतात, पिठाची गिरणी अथवा शिलाईयंत्र दिलें जातें. ज्याला हात आहेत पण पाय नाहींत, त्याला शिलाईयंत्र कदाचित् उपयोगी पडेल. स्वमग्न तरुणाला यंत्र नको असतें. त्याला शेजारीं उभें राहून शिकविणारा एक माणूस हवा असतो. परंतु माणसाच्या पगाराचें उद्घाटन करतां येत नाहीं आणि त्याला फीतही बांधतां येत नाहीं.

या माणसाला आपण 'कामसोबती' म्हणूं. त्याचें काम काय, हें थोडें सविस्तर सांगणें अवश्य आहे, कारण सर्व पद्धतीचा कणा तोच आहे. तो प्रथम स्वतः त्या जागेवर जाऊन काम शिकतो आणि त्याचे बारीक टप्पे पाडतो. साताऱ्याच्या मिठाईच्या दुकानांत कंदी पेढ्यांची पेटी भरावयाची म्हटली, तर पेटी उघडणें, कागद घालणें, अमुक ओळींत अमुक पेढे मांडणें, वजन पाहणें, झांकण लावणें, डाव्या हाताची पेटी उजवीकडे ठेवणें, असे हे टप्पे. त्यांचीं चित्रें किंवा शब्द तो समोर लावतो. काम कोठें सुरू होतें, किती आहे, केव्हां संपतें आणि संपल्यावर काय, या चार प्रश्नांचीं उत्तरें डोळ्यांना दिसलीं पाहिजेत. अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलिनांत १९७२ पासून चालत आलेल्या शिक्षणपद्धतीचें हेंच सार आहे. तो मालकालाही शिकवितो: सूचना स्पष्ट द्या, थट्टेनें उलटें बोलूं नका, वेळ बदलावयाची असेल तर आदल्या दिवशीं सांगा. हळद घोळण्याच्या यंत्राचा खडखडाट एकाला सोसत नसेल तर त्याला तेथें नेऊंच नये. शांत ग्रंथालयांत न्यावें. ज्या वाईंत मराठी विश्वकोशाचें काम झालें, आणि ज्या भिलारला २०१७ पासून पुस्तकांचें गांव म्हणतात, त्या जिल्ह्यांत पुस्तकें अनुक्रमानें लावण्याच्या कामाला तोटा नसावा. कांहीं महिन्यांनीं कामसोबती हळूहळू मागें सरकतो. आठवड्यांतून एकदां येतो, मग महिन्यांतून. खर्च आहे तो या महिन्यांचा. खोलींत काढलेल्या चाळीस वर्षांचा खर्च कोणी मांडून पाहिला आहे काय?

येथें एक गैरसमज टाळला पाहिजे. प्रत्येक स्वमग्न माणूस आठ तास काम करील, असें आमचें म्हणणें नाहीं. कांहींना दोनच तास झेपेल. कांहींना जन्मभर दुसऱ्याच्या हातानें जेवावें लागेल, आणि त्यांची काळजी वाहणें हें समाजाचें निखालस कर्तव्य आहे. जो कमावीत नाहीं तो माणूस नव्हे, हें तत्त्व आम्हांस मान्य नाहीं. परंतु ज्याला काम झेपत नाहीं त्याच्या नांवानें ज्याला झेपतें त्याचेंही दार बंद करावें, हा न्याय नव्हे. दोन तासांचें खरें काम आणि त्याचा खरा मोबदला, हा आठ तासांच्या खोट्या उद्योगाहून श्रेष्ठ आहे.

शेवटीं आमच्याच वर्गांतील कुटुंबांना दोन शब्द. आमच्या घरांत गरिबांच्या घरांहून हीं माणसें जास्त लपविलीं जातात. शेतकऱ्याचें असें मूल निदान बांधावर दिसतें, गुरांमागें जातें, गांव त्याला नांवानें ओळखतें. आमच्या सदनिकेंत तें पाहुणे आले म्हणजे आंतल्या खोलींत जातें. बहिणीचें लग्न जमविण्याच्या वेळीं त्याचा उल्लेख टाळला जातो. कोणी त्याचेंच लग्न लावून देतात, म्हणजे एका अडचणींत परक्याच्या मुलीची भर घालतात. कोणी मुदतठेवींचा डोंगर उभा करून समजतात, कीं पुढची सोय झाली. ठेव अवश्य असावी. कायदेशीर पालक नेमण्यासाठीं राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांची समिति असते, तेथेंही वेळेवर अर्ज करावा. परंतु आईबाप गेल्यावर त्या माणसाला केवळ व्याज पुरणार नाहीं. तो सकाळीं आला नाहीं तर 'आज कां आला नाहीं?' म्हणून विचारणारीं चार माणसें त्याला हवींत. अशीं माणसें ठेवपावतीवर मिळत नाहींत. तीं कामाच्या जागेवर मिळतात.

म्हणून आमची मागणी थोडकी आहे, आणि ती सरकारपेक्षां शेजाऱ्यांकडे अधिक आहे. दोन्ही जिल्ह्यांतील नगरपालिकांनीं, महानगरपालिकेनें आणि जिल्हा परिषदांनीं आपल्या पांच टक्क्यांतला एक ठराविक भाग कामसोबत्यांच्या पगारासाठीं बाजूस काढावा. अठराव्या वर्षीं शाळा सोडणाऱ्या प्रत्येक स्वमग्न तरुणाचें नांव, त्याला काय येतें आणि काय सोसत नाहीं, याची नोंद विशेष शाळांनीं सोळाव्या वर्षापासूनच करावी. आणि प्रत्येक सहकारी बँकेनें, कारखान्यानें, रुग्णालयानें व महाविद्यालयानें पहिल्या वर्षीं फक्त एक जागा द्यावी. एकच, परंतु ती पगारपत्रकावरची असावी. ज्या संस्थेला एवढेंही जमत नसेल, तिनें पुढच्या दिवाळींत पणत्या खरेदी केल्याचें छायाचित्र छापूं नये. दयेची पावती फाडण्याचा अधिकार न्यायाचें देणें चुकविणारास नाहीं.